यंत्र विचारते, उत्तर कोणी द्यायचे?

श्रोते हो, आजचा विषय ऐकायला जरा परका वाटेल. पण त्यातली अडचण आपल्या चांगल्या ओळखीची आहे. कचेरीत कारकून प्रश्न विचारतो आणि आपण उत्तरे देतो: नाव काय, गाव कोणते, गट नंबर किती, जमीन जिरायत की बागायत? एका माणसाचे काम असेल तर हे ठीक आहे. पण पाचशे खातेदारांची तीच नोंद करावयाची असेल, तर विचारणारा थकतो आणि सांगणाराही. मग काय करतात? प्रश्न आधीच ठाऊक असतात, म्हणून छापील अर्ज काढतात. ठरलेला मजकूर छापून घेतात आणि माणसागणिक बदलणाऱ्या गोष्टींसाठी तेवढ्या रेघा मोकळ्या सोडतात.

संगणकांपुढेही हाच पेच उभा राहिला. सातबाराचा उतारा, बँकेतले खाते, आगगाडीचे तिकीट ही कामे आज ज्या संगणकांवर चालतात, ते दूरच्या इमारतींत रांगेने मांडलेले असतात. त्यांना सर्व्हर म्हणतात. एकेका सर्व्हरपुढे एकेक माणूस बसलेला नसतो. आणि गंमत अशी, की त्यांच्यावर नवा प्रोग्राम बसवू लागले म्हणजे तो प्रोग्राम पुष्कळदा माणूस समोर आहे असे धरूनच प्रश्न विचारतो: "कोणत्या जागी बसवू? परवलीचा शब्द कोणता? जुनी माहिती पुसू का?" खोलीत कोणी नाही, आणि यंत्र उत्तराची वाट पाहत थांबले आहे! या प्रश्नांना माणसाच्या वतीने, पण माणसाच्या इच्छेप्रमाणे, उत्तर कसे द्यावे, हे शोधण्यात संगणकाच्या जाणकारांची साठ वर्षे गेली. त्या शोधाची हकिकत आज सांगावयाची आहे.

यंत्र प्रश्न विचारू लागले, ते केव्हापासून? अगदी सुरुवातीच्या मोठ्या संगणकांशी बोलण्याची सोय नव्हती. भोके पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा यंत्रात घालावयाचा आणि उत्तर छापून येईपर्यंत थांबावयाचे, अशी रीत होती. यंत्र मध्येच काही विचारीत नसे, कारण विचारणार कोणाला? हा प्रकार अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत पालटला. फर्नांडो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोव्हेंबर १९६१ मध्ये एक नवी व्यवस्था चालवून दाखविली. एकाच संगणकापुढे अनेक माणसांनी आपापल्या टंकयंत्रावर बसावे, आज्ञा टंकावी आणि यंत्राने तिथल्या तिथे उत्तर द्यावे, अशी ती होती. सीटीएसएस हे तिचे नाव. माणूस आणि यंत्र यांच्यात संभाषण सुरू झाले. परवलीचा शब्द विचारूनच माणसाला आत घेण्याची पद्धतही संगणकांत आली, ती याच व्यवस्थेत पहिल्यांदा रुळली.

संभाषण सुरू झाले, तसा त्याचा कंटाळाही सुरू झाला. त्याच त्या दहा आज्ञा रोज सकाळी टंकावयाच्या, हे काम कोणाला आवडेल? लुई पूझां नावाचे एक फ्रेंच गृहस्थ त्या वेळी तेथे काम करीत होते. १९६३-६४ च्या सुमारास त्यांनी रनकॉम नावाचा प्रोग्राम लिहिला. आज्ञा एका फाइलमध्ये ओळीने लिहून ठेवाव्यात आणि रनकॉमने त्या एकामागून एक चालवाव्यात, एवढेच त्याचे काम. पण त्यात एक सोय मोठी दूरदृष्टीची होती. आज्ञांच्या यादीत काही जागा मोकळ्या ठेवता येत आणि यादी चालवताना त्या जागी हवे ते नाव घालता येई. यादी एकच, पण आज एका फाइलसाठी आणि उद्या दुसऱ्या फाइलसाठी ती वापरता येई.

या मोकळ्या जागेलाच पुढे सर्रास व्हेरिएबल म्हणू लागले. आपल्या शाळांतील गणिताच्या पुस्तकात तिला चल म्हणतात. शिक्षक बंधुभगिनींनो, बीजगणितात आपण मुलांना सांगतो, की क्ष म्हणजे अशी संख्या जिची किंमत बदलू शकते. संगणकातला चलही त्याच कुळातला आहे. फरक एवढाच, की येथे त्याची किंमत संख्याच असली पाहिजे असे नाही. ती गावाचे नाव असेल, एखादा पत्ता असेल किंवा नुसते "होय" असेल. चलाला नाव असते आणि किंमत असते. नाव कायम राहते, किंमत प्रसंगाप्रमाणे बदलते.

पुढे १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स या कार्यप्रणालीचे काम सुरू केले. तिची १९७९ ची सातवी आवृत्ती निघाली, तेव्हा तिच्यात स्टीफन बोर्न यांनी लिहिलेला आज्ञांचा दुभाषा होता. त्यात चल, अटी, पुन्हापुन्हा करावयाची कामे हे सारे लिहिता येत असे. आता कोणाला वाटेल, की प्रश्न सुटला. पण नाही. आज्ञा देणे निराळे आणि विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणे निराळे.

ते कसे, पाहा. परवलीचा शब्द बदलण्याचा प्रोग्राम घ्या. तो शब्द विचारतो, पण फाइलमध्ये लिहून ठेवलेले उत्तर घेत नाही. तो थेट टंकयंत्राच्या कळांकडे कान लावून बसतो. असे मुद्दाम केलेले असते, कारण गुपित माणसाने स्वतः येऊन सांगावे अशी त्याची अपेक्षा असते. आज्ञेच्याच ओळीत परवलीचा शब्द लिहिला, तर त्या संगणकावरच्या इतरांना चालू कामांच्या यादीत तो दिसू शकतो. तेव्हा प्रोग्रामचा हट्ट अगदीच वेडगळ होता असे नाही. पण पन्नास खाती उघडावयाची असतील, तेव्हा हाच हट्ट आडवा येई.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. युनिक्समध्ये तबकडीवरील माहितीची मांडणी बिघडली, तर ती तपासून दुरुस्त करणारा एफएससीके नावाचा प्रोग्राम असतो. दुरुस्ती करताना तो पावलोपावली विचारतो: हे काढून टाकू का, ते जोडू का? माणसाला इतक्या प्रश्नांना उत्तरे देण्याचा कंटाळा येतो, म्हणून त्यात एक सोय ठेवली होती: सगळ्याच प्रश्नांना "होय" समजावे, किंवा सगळ्याच प्रश्नांना "नाही" समजावे. सगळ्यांना "होय" म्हणण्याची ही सोय फार जपून वापरा, असा इशारा त्याच्या माहितीपत्रकातच दिलेला होता. युनिक्समध्ये आणखी एक लहानसा प्रोग्राम असतो, त्याचे नावच "येस". तो थांबवेपर्यंत होकारच ओकत राहतो. समोरचा काय विचारतो आहे, हे त्याला ठाऊक नसते आणि ठाऊक करून घ्यावयाचेही नसते. न वाचता कागदावर अंगठा उठवण्याचे परिणाम ज्यांच्या घराण्याने भोगले असतील, त्यांना यातला धोका समजावून सांगावयास नको.

म्हणजे दोनच वाटा होत्या. एक तर माणसाने रात्रभर यंत्रापुढे बसावे, नाही तर डोळे मिटून सगळ्याला होकार द्यावा. मधली वाट शोधली डॉन लाइब्स यांनी. हे अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजी या सरकारी संस्थेत काम करीत. आपल्याकडे वजने-मापे ठरवणारे खाते असते, त्या जातीची ही संस्था. कॅलिफोर्नियात बर्कली येथील विद्यापीठात जॉन ऑस्टरहाउट यांनी १९८८ मध्ये टीसीएल नावाची एक लहान, सुटसुटीत आज्ञाभाषा तयार केली होती. तिचा पाया घेऊन लाइब्स यांनी १९९० मध्ये एक्स्पेक्ट हा प्रोग्राम लिहिला आणि त्याच वर्षी जून महिन्यात अनाहाइम येथे युनिक्सकारांच्या परिषदेत त्यावर निबंध वाचला. संभाषणाचे अनावर झटके बरे करण्याचा इलाज, अशा अर्थाचे मिश्किल नाव त्यांनी निबंधाला दिले होते.

एक्स्पेक्ट म्हणजे अपेक्षा करणे. या नावातच सारी युक्ती आहे. एक्स्पेक्ट स्वतः एक खोटे टंकयंत्र उभे करतो. समोरच्या प्रोग्रामला वाटते, की माणूसच बसला आहे. मग तो प्रोग्राम जे छापील, ते एक्स्पेक्ट वाचत राहतो. आपण त्याला आधी सांगून ठेवलेले असते, की अमुक शब्द दिसले तर तमुक उत्तर दे. तसे शब्द दिसले, की तो उत्तर पाठवतो. आणि अपेक्षित प्रश्न आलाच नाही तर? तो काही वेळ थांबतो. आपण निराळे काही सांगितले नसेल, तर दहा सेकंद. त्यानंतर पुढे काय करावयाचे, हे आपण सांगून ठेवू शकतो. "येस" आणि एक्स्पेक्ट यांच्यातला फरक आता ध्यानात येईल. एक न ऐकताच उत्तर देतो. दुसरा आधी ऐकतो, ओळखीचा प्रश्न आहे का ते पाहतो आणि मगच बोलतो.

याच सुमारास संगणकांची संख्या वाढत चालली होती. एकेक यंत्र हाताने मांडून ठेवणे अशक्य होऊ लागले. नॉर्वेतील ऑस्लो विद्यापीठात मार्क बर्जेस यांनी १९९३ मध्ये सीएफएंजिन लिहिले आणि विचारच उलटा केला. यंत्राला काय काय कर ते सांगत बसू नका. ते शेवटी कसे असावे तेवढे लिहून ठेवा, आणि कमीजास्त असेल ते त्यालाच नीट करू द्या, असे त्याचे सूत्र होते. सगळे संगणक लिहून ठेवलेल्या नमुन्याप्रमाणे राखण्याच्या या शास्त्राला कॉन्फिगरेशन मॅनेजमेंट म्हणतात. पुढे २००५ मध्ये ल्यूक केनीस यांचे पपेट आणि २००९ मध्ये शेफ ही अवजारे याच वाटेने आली.

डेबियन या मुक्त कार्यप्रणालीच्या मंडळींनी तर प्रश्नाच्या मुळालाच हात घातला. त्यांच्या जोई हेस यांनी डेबकॉन्फ तयार केले. प्रत्येक प्रोग्रामने आपापला प्रश्न स्वतः विचारू नये, सगळे प्रश्न एका मध्यस्थाकडे द्यावेत. मध्यस्थाने उत्तरे एका वहीत नोंदवून ठेवावीत, आणि वहीत उत्तर असेल तर माणसाला त्रास देऊ नये, अशी ही व्यवस्था. हवी तर ही वही आधीच भरून ठेवता येते. मला विचाराल, तर सगळ्यांत शहाणी रीत हीच. परंतु जगातले सगळे प्रोग्राम इतके समजूतदार नसतात. काही जुने असतात, काही विकत घेतलेले असतात, त्यांच्या आत हात घालता येत नाही. ते प्रश्न विचारणारच.

अशांसाठी लाइब्स यांची युक्ती नव्या अवजारांत पुन्हा आली. मायकल डीहान यांनी २०१२ मध्ये ॲन्सिबल प्रसिद्ध केले. हे नाव उर्सुला ले ग्वीन यांच्या १९६६ च्या एका कादंबरीतले. तिथे ते दूरच्या ग्रहांशी क्षणात बोलणाऱ्या यंत्राचे नाव आहे. ॲन्सिबलची दुसरी आवृत्ती जानेवारी २०१६ मध्ये निघाली आणि तिच्यात एक्स्पेक्ट याच नावाचा भाग आला. नोआ स्पुरियर यांनी एक्स्पेक्टची कल्पना पायथन भाषेत आणली होती, तिच्यावर हा भाग उभा आहे.

येथे काम कसे चालते? एक दोन रकान्यांची यादी करावयाची. डाव्या रकान्यात प्रश्नाची खूण, उजव्या रकान्यात उत्तर. आणि उत्तराच्या जागी थेट किंमत न लिहिता चलाचे नाव लिहावयाचे, दोन दोन महिरपी कंसांत. समजा, एका तालुक्यातील वीस शाळांतल्या संगणकांवर एकच प्रोग्राम बसवावयाचा आहे आणि तो शाळेचे नाव व शाळेचा क्रमांक विचारतो. तर कामाची यादी एकच राहील. प्रत्येक शाळेच्या नावाने एक लहानशी फाइल असेल, तीत त्या शाळेची उत्तरे. यंत्र ज्या शाळेचे असेल, त्या शाळेची किंमत मोकळ्या जागी जाऊन बसेल. उद्या एकविसावी शाळा आली, तर कामाच्या यादीला हात लावावा लागणार नाही. एक फाइल वाढवली, की झाले.

पण या छापील अर्जातही खाचखळगे आहेत, ते सांगितले पाहिजेत. पहिला असा, की डाव्या रकान्यातली खूण ही साधे वाक्य नसते. ती नमुन्याच्या भाषेत लिहावी लागते, आणि त्या भाषेत प्रश्नचिन्ह व कंस यांना निराळे अर्थ आहेत. प्रश्न तर प्रश्नचिन्हानेच संपतो! ते चिन्ह जसेच्या तसे हवे असेल, तर त्याच्या आधी एक उलटी तिरपी रेघ द्यावी लागते. नाही तर खूण हवी तशी जुळेलच असे नाही. दुसरा खळगा होकाराचा. उजव्या रकान्यात अवतरणचिन्हांशिवाय इंग्रजी "येस" लिहिले, तर ही यादी वाचणारी भाषा त्याला शब्द समजत नाही, खरे-खोटे यांतले "खरे" समजते आणि "ट्रू" असे पुढे पाठवते. समोरचा प्रोग्राम "येस"ची वाट पाहत असतो. त्याला हे उत्तर कळत नाही. चलाचे नावही कंसानेच सुरू होत असेल, तर अवतरणात घालावे लागते. तिसरा खळगा नवशिक्यांना हटकून अडवतो. मोकळी जागा उजव्या रकान्यात भरली जाते, डाव्या रकान्यात नाही. प्रश्नातच बदलता शब्द असला आणि तेथे चलाचे नाव लिहिले, तर ते नाव तसेच राहते आणि खूण जुळत नाही. अशा वेळी एक तर खूण इतकी मोघम लिहावी, की कोणत्याही शब्दाला ती लागू पडेल, किंवा दोन्ही रकान्यांसह सगळी यादीच एका चलातून तयार करून द्यावी.

तोच प्रश्न दोनदा विचारला जात असेल, जसे परवलीचा शब्द पुन्हा एकदा लिहा म्हणतात, तर एका उत्तराऐवजी उत्तरांची मालिका देता येते. आणि खूण जुळलीच नाही, तर ॲन्सिबल तीस सेकंद थांबून काम फसले असे सांगते. पुष्कळांना याचा राग येतो. पण हे थांबणे हेच त्याचे इमान आहे. नव्या आवृत्तीत प्रोग्रामने प्रश्न बदलला असेल; "पुढे जाऊ का" च्या जागी "जुने सगळे पुसू का" असे विचारले असेल. अशा वेळी अडून बसणारा चाकर बरा, की मान डोलावणारा? म्हणूनच खूण फार मोघम लिहू नये. काहीही दिसले तरी "होय" म्हण, असे लिहून ठेवले, तर एवढ्या साऱ्या इतिहासातून फिरून आपण पुन्हा जुन्या "येस"पाशीच येऊन पोचलो.

गुपिताचीही काळजी घ्यावी लागते. परवलीचा शब्द चलात असला, तरी ती किंमत शेवटी कोठे तरी लिहिलेली असते. ॲन्सिबलमध्ये अशी फाइल कुलूपबंद करण्याची सोय आहे, तिला व्हॉल्ट म्हणतात. आणि काम चालू असताना ते उत्तर नोंदवहीत उमटू नये, असेही एका शब्दात सांगता येते. पहिली सोय वापरून दुसरी विसरली, तर तिजोरीला कुलूप लावून किल्ली उंबऱ्यावर ठेवल्यासारखे होते.

चलाची किंमत चुकली म्हणजे काय होते, याचे एक मोठे उदाहरण २८ फेब्रुवारी २०१७ रोजी घडले. ॲमेझॉन कंपनीच्या अमेरिकेतील उत्तर व्हर्जिनिया भागात माहिती साठवण्याच्या सेवेचे काही थोडे सर्व्हर कामातून काढावयाचे होते. कामाची पद्धत ठरलेली होती, आज्ञा ठरलेली होती, ती देणाऱ्या माणसाला तसा अधिकारही होता. पण आज्ञेतील एका मोकळ्या जागी चुकीची किंमत घातली गेली आणि हवे होते त्यांहून पुष्कळ अधिक सर्व्हर बंद पडले. सुमारे चार तास ती सेवा विस्कळीत राहिली आणि तिच्यावर अवलंबून असलेली कितीतरी संकेतस्थळे अडखळली. कंपनीने ही हकिकत स्वतःच प्रसिद्ध केली. पुढे त्या अवजारात अशी सुधारणा केली, की सर्व्हर सावकाश काढले जावेत आणि कमीत कमी जितके हवेत त्याखाली संख्या जाऊ लागली, तर अवजाराने स्वतःच थांबावे.

यातला बोध नीट घ्यावयास हवा. अर्ज छापील होता म्हणून चूक टळली नाही; उलट एक चुकीची किंमत कितीतरी यंत्रांवर एकदम जाऊन बसली. हाताने काम करणारा माणूस दुसऱ्या यंत्रावर येईपर्यंत कदाचित सावध झाला असता. एका मोकळ्या जागेत भरलेली किंमत मात्र सगळीकडे सारखीच जाते, चांगली असो की वाईट. म्हणून आज जाणती मंडळी तीन गोष्टी पाळतात. किंमत भरली, की ती योग्य मर्यादेत आहे का, हे आज्ञा चालण्यापूर्वी तपासतात. आधी एकाच यंत्रावर चालवून पाहतात, मग पाचांवर, मग सगळ्यांवर. आणि काम एकदा झालेले असेल, तर ते पुन्हा होऊ नये अशी खूण ठेवतात. म्हणजे तीच यादी चुकून दोनदा चालली, तरी यंत्र तेच प्रश्न पुन्हा विचारीत बसत नाही.

शिक्षक मित्रांनो, हा धडा वर्गात सांगावयास संगणक नसला तरी चालेल. एका मुलाला प्रोग्राम करा. त्याने फळ्यावर प्रश्न लिहावेत. दुसऱ्याला उत्तरांचा तक्ता द्या आणि बजावून सांगा, की तक्त्यात प्रश्न असेल तरच उत्तर द्यावयाचे, नसेल तर हात वर करावयाचा. मग पहिल्याला एखादा प्रश्न गुपचूप बदलावयास सांगा. हात वर करणारा मुलगा बरोबर, हे मुलांना आपोआप कळेल. जास्तीची एक गोष्ट तेवढी आपण सांगा: तक्ता यंत्र वाचते, पण तो भरतो माणूस. मोकळी जागा भरणाऱ्याची सही तेथे दिसत नसली, तरी जबाबदारी त्याचीच असते.